भामाच्या आवाजाची रेकॉर्ड

पनवेलच्या आसपासच्या गावांत १९७० ते १९९०च्या दरम्यान ज्यांची लग्नं लागली, त्यांतल्या निम्म्यांच्या मांडवात काशिरामचा भोंगा वाजला, आणि उरलेल्या निम्म्यांनी काशिराम मोकळा नव्हता म्हणून दुसऱ्याचा आणला. हे काशिरामचं स्वतःचं म्हणणं. त्यात फुशारकी आहे, पण फार नाही. एक बॅटरी, एक अँप्लिफायर, लाकडी पेटीतला रेकॉर्ड प्लेअर आणि चिंचेच्या नाहीतर आंब्याच्या फांदीला बांधायचे दोन भोंगे, एवढ्या भांडवलावर त्याने वीस वर्षं गावोगावच्या हळदी गाजवल्या. भोंगा झाडावर चढला की लग्नघर कुठलं हे कुणाला विचारावं लागत नसे.

२०१२ साली काशिराम चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. शेतजमीन कधीच सरकारने घेतली होती, तिच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर मुलाने, अविनाशने, चार मजली इमारत बांधली होती. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत निळ्या प्लास्टिकखाली काशिरामचे भोंगे पडून होते. ते टाकून द्यावेत असं सून वर्षातून दोनदा म्हणायची आणि काशिराम वर्षातून दोनदा ऐकू आलं नाही असं दाखवायचा.

त्या वर्षी नातीचं, प्रांजलचं लग्न ठरलं. प्रांजल वाशीला एका कंपनीत नोकरीला. लग्न पनवेलच्या एका मोठ्या लॉनवर, डीजे, एलईडी, सगळा थाट. मार्चमध्ये एका रविवारी ती काशिरामच्या खाटेवर येऊन बसली.

"आजोबा, मला एकच गोष्ट हवीय. हळद लागताना आजीचा धवला वाजला पाहिजे. ओरिजिनल. तिच्या आवाजातला."

काशिराम म्हणाला, "वाजल. का नाय वाजनार? माज्याकं हाय रेकॉर्ड."

धवला म्हणजे आगऱ्यांच्या लग्नातलं गाणं, आणि नुसतं गाणं नव्हे. मांडव उभा करण्यापासून पोर सासरी जाईपर्यंतचा एकेक विधी धवल्यावर चालतो, आणि तो गाणारी बाई, धवलारीण, भटजीच्या तोडीस तोड मानाची. काशिरामची बायको भामा ही अशी धवलारीण होती. तिचा आवाज गोड नव्हता. थोडा जाड, थोडा बसका. पण त्यात एक गंमत होती. लहानपणी सुपारी फोडताना तिच्या पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता, त्यामुळे 'स' म्हणताना बारीक शीळ निघायची. सासू, सासर, सोडून जाणं, धवल्यात 'स' काही कमी नाहीत. पाठवणीच्या धवल्यात ती शीळ आली की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. भामा गेली १९९१ साली, काविळीने, पंधरा दिवसांत. प्रांजल तेव्हा दोन वर्षांची होती. आजीचा आवाज तिने ऐकला होता, पण तिला तो आठवणं शक्य नव्हतं. काशिरामच्या लेखी तो आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्याच्या कपाटात, भामाच्या लग्नातल्या लुगड्याच्या घडीत. एकवीस वर्षं त्याने तो बाहेर काढला नव्हता. धीरच झाला नव्हता.

ती रेकॉर्ड कशी निघाली ते सांगायला हवं. १९७४ साली मुंबईतल्या रेकॉर्डी काढणाऱ्या एका छोट्या कंपनीचा माणूस एका हळदीला आला होता. त्याने भामाला ऐकलं आणि काशिरामच्या मागे लागला. भामा तयार होईना. लग्न नसताना धवला तोंडात घ्यायचा नाही, हा तिच्या आईने घालून दिलेला नेम होता. काशिराम मात्र पेटला होता. दुसऱ्यांच्या रेकॉर्डी वाजवण्यात त्याचा जन्म चाललेला, आता घरचीच रेकॉर्ड निघणार! शेवटी भामाने तोड काढली. मुंबईच्या त्या बंद खोलीत माइकच्या दांड्याला आंब्याचा टहाळा बांधायला लावला, समोर पाट, पाटावर नारळ, नारळाला हळद. मग म्हणाली, "आता जाला मांडव." कंपनीच्या माणसाने सांगितलं, एका बाजूला सहा मिनिटं मिळतील. भामा हसायला लागली. "सा मिन्टांत लगीन लावतंस व्हय रं?" पण लावलं तिने. एका बाजूला हळदीचा धवला, दुसऱ्या बाजूला पाठवणीचा.

तीनशे रेकॉर्डी निघाल्या. बशीएवढी काळी तबकडी, मिनिटाला पंचेचाळीस फेरे घेणारी. काशिराम ती सगळ्यांना दाखवत सुटला. पोरं विचारायची, काकी या ताटलीत कशी बसली? मग तो तबकडी उन्हात तिरकी धरून शिकवणी घ्यायचा. "या रेघा मोजा बगू." पोरं शंभर म्हणायची, दोनशे म्हणायची. "येडे हाव. एकच हाय. काठापासून सुरू होती नि फिरत फिरत मधी जाती." त्या एकाच रेघेत, एकाच चरात, सगळा आवाज कोरलेला असतो. माणूस गातो तेव्हा हवा हलते, हवेने माइकमधला पडदा हलतो, त्याची वीज होते, आणि ती वीज कोरायच्या सुईला डावी-उजवीकडे हलवते. म्हणून चर सरळ जात नाही, नागमोडी जातो. जाड आवाजाची वळणं मोठी, बारीक आवाजाची इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. पहिल्या कोरलेल्या तबकडीवरून धातूचा साचा बनवतात आणि गरम प्लास्टिकवर दाबून पाहिजे तेवढ्या काढतात. वाजवताना सगळा प्रकार उलटा. सुई चरात उतरते, वळणांवर डुलते, त्या डुलण्याची पुन्हा वीज होते, आणि भोंग्याचा पडदा हवा हलवतो. काशिराम शेवटी म्हणायचा, "मंजे काकी जशी हलली, तशीच हवा पुना हलती." हे बोलताना त्याचा चेहरा असा फुलायचा, जणू हे सगळं त्यानेच शोधून काढलं होतं.

रेकॉर्ड आली आणि एक गोष्ट घडली, जी त्याच्या ध्यानात फार उशिरा आली. लोक म्हणू लागले, भामाकाकीला कशाला त्रास, रेकॉर्ड लावा की. तीच काकी, तोच धवला, आणि शेजारच्या गावापर्यंत ऐकू जातो. भामा विधीला बसायची, हात चालायचे, पण गळा भोंग्यातला. तिच्या हाताखाली शिकणाऱ्या दोन पोरी होत्या, त्याही येईनाशा झाल्या. रेकॉर्डवर असताना पाठ कशाला करायचं? भामा एकदा म्हणाली, "माजी सवत आनलीस तू घरात. नि तिलाच नाचवतंस." काशिराम मोठ्याने हसला होता. कॅसेटचा जमाना आला तेव्हाही तिला पुन्हा एकदा भरून घ्यावं असं त्याच्या मनात आलं नाही. रेकॉर्ड होतीच.

तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काशिरामने लुगड्याच्या घडीतून रेकॉर्ड काढली, आणि प्लेअरचा पट्टा केव्हाच सडलेला असल्यामुळे ती घेऊन वडाळे तलावाजवळ राहणाऱ्या कमळाकरकडे गेला. कमळाकर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, जुन्या रेकॉर्डींचा वेडा. घरात रेकॉर्डींची कपाटं, भारी प्लेअर, आणि लोकांच्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर घेऊन सीडी करून देण्याचा नाद.

कमळाकरने रेकॉर्ड ओल्या कपड्याने पुसली, हलक्या हाताने सुई टेकवली. खरखर सुरू झाली. काशिराम सरसावून बसला. खरखर चालूच राहिली. तिच्या पलीकडे कुठेतरी ढोलकीचा ठेका धप्प धप्प करत होता, आणि त्याच्याबरोबर कुणीतरी भिंतीपलीकडून बोलावं तसं गुणगुणत होतं. शब्द लागत नव्हते. पाठवणीची बाजू लावली. ती पहिली दोन मिनिटं तशीच गेली, आणि पुढे मध्याकडे सुई सरकली तशी ढोलकीही खरखरीत बुडाली.

"मशिनीत काय तरी हाय," काशिराम म्हणाला.

कमळाकरने दुसरी एक रेकॉर्ड लावली. त्यातला सतारीचा तुकडा लख्ख वाजला. त्याने ती उतरवली, डोळ्याला भिंग लावून भामाची रेकॉर्ड खिडकीशी नेली आणि बराच वेळ बघत राहिला.

"काशिरामभाऊ, ही किती वेळा वाजली असेल?"

"लग्नात चार-पाच टायम तरी. सीझनला पन्नास-साठ लग्ना. पंदरा-सोला वर्सं."

"म्हणजे चार हजार वेळा. तरीसुद्धा एवढी घासायला नको होती. सुई बदलायचात ना?"

"येलेवर बदलायचो! त्यात कंजूसपना नाय केला कदी." काशिरामला ते लागलं. आपण काय साधे भोंगेवाले होतो का, हे सांगण्यासाठी तो पुढे बोलला. "आनी माजी रेकॉर्ड कदी उडली नाय. बाकीच्यांची उडायची. हळदीत लोक नाचतात, जमीन हादरती, सुई टुनकन उडून पुडं जाती. धवला मधीच तुटला तर अपशकून. मंग मी युगत काढली. सुईच्या दांड्यावर, पार टोकाला, जुना जाड रुपया चिकटवला. मेनानं. वजन पडलं का सुई हलायची नाय. हादरू दे किती बी. करंजापासून ओव्यापर्यंत सगल्या साउंडवाल्यांनी माजं बगून तेच केलं. मीच शिकवला त्यांना."

कमळाकरने भिंग खाली ठेवलं. तो चांगला माणूस होता आणि खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"भाऊ, सुईचं टोक केसाहून बारीक असतं. सगळं वजन त्या टोकावर येतं. वजन वाढलं की सुई चरात डुलत नाही, भिंती खरवडत जाते. बारीक आवाजाची वळणं आधी जातात, कारण ती सगळ्यात नाजूक. आणि मध्याकडे चराचा फेरा लहान होतो, तेवढ्याच सेकंदाचा आवाज दाटीने बसवलेला असतो, म्हणून तिथलं आणखी लवकर जातं."

"मना तवा कसं कललं नाय?"

"भोंग्यातून बारीक आवाज येतच नाही. तो सगळ्यांनाच खरखरीत करतो. तुम्हाला कळणार कसं?"

काशिराम शेतकऱ्याच्या पोटचा. नांगर एकाच तासातून, जमिनीतल्या एकाच चरातून, चार हजार वेळा ओढला तर तासाचं काय होईल, हे त्याला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. त्याने स्वतःच्या हाताने, प्रत्येक लग्नात, टाळ्या घेत घेत, बायकोचा आवाज खरवडून काढला होता. आधी तिच्या दातातली शीळ, मग शब्द, मग गळा. कमळाकरच्या बायकोने चहा आणून ठेवला, त्यावर साय आली तरी तो तसाच बसून होता.

मग महिनाभर तो वणवण फिरला. तीनशे रेकॉर्डी निघाल्या होत्या, एखादी तर धड असेल. ओव्याला एका साउंडवाल्याच्या घरी मिळाली. लेबल पाहून त्याचा जीव सुपाएवढा झाला, पण कमळाकरने लावली आणि तीच खरखर, तोच धप्प धप्प. रुपयाची कमाल तिथेही पोचलेली. उलव्याला ज्या घरात एक होती ते घरच उरलं नव्हतं, तिथे सळया वर काढलेले खांब उभे होते आणि डंपर फिरत होते. मुंबईची कंपनी वीस वर्षांपूर्वी बंद झाली, तिचे साचे भंगारात गेले, हे कमळाकरने फोन करकरून शोधलं.

शेवटची आशा करंजाला. तिथल्या सोनाबाईने ती रेकॉर्ड हौसेने घेतली होती, आणि तिच्या घरी प्लेअर कधीच नव्हता. म्हणजे एकदाही न वाजलेली! काशिराम भर मेमध्ये एसटीने उरणला आणि तिथून रिक्षाने बंदरावर गेला. सोनाबाई सुकत घातलेल्या मासळीजवळ काठी घेऊन राखणीला बसली होती. तिने ओळखलं, घरात नेलं, भिंतीकडे बोट दाखवलं.

"ती बग. जपून ठेवलीय. भामाची आठवन हाय, वाजवून खराब नाय केली."

चुलीच्या वरच्या अंगाला, देवांच्या तसबिरींच्या रांगेत, खिळ्याला रेकॉर्ड टांगलेली होती. तिला हार होता. अडतीस वर्षं चुलीची धग खाऊन ती भाजलेल्या पापडासारखी वेडीवाकडी झाली होती आणि वर धुराचं बोटभर किटण होतं. काशिरामने हात लावून पाहिला. पृष्ठभाग वितळून गुळगुळीत झालेला. बोटाला चर लागतच नव्हता.

"लई जपलीस, बय," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? सोनाबाईने त्याला मूठभर सुके बोंबील बांधून दिले आणि नातीच्या लग्नाला आशीर्वाद सांगितला.

इकडे प्रांजल रोज विचारत होती. खरं सांगायचं काशिरामने तीनदा ठरवलं आणि तीनदा तोंड उघडून भलतंच बोलला. आपल्या आजीचा आवाज आजोबानेच घालवला, हे लग्नाच्या तोंडावर पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं? शेवटी तो कमळाकरकडे जाऊन म्हणाला, "काय निघल ते काड. तुज्या त्या कॉम्प्युटरवर."

कमळाकरने आठ दिवस खपून काढलं. खरखर पुसली. पण खरखर आणि 'स' हे कॉम्प्युटरला सारखेच दिसतात, त्यामुळे जे काही 'स' उरले असतील नसतील तेही पुसले गेले. जे हाती आलं ते फार पोकळ वाटत होतं, म्हणून त्याला थोडा भरीवपणा दिला, थोडा घुमारा दिला. पाठवणीच्या बाजूचा शेवट नव्हताच, तिथे आधीच्याच ओळी पुन्हा जोडल्या. आणि सीडी हातात देताना स्पष्ट सांगितलं, "भाऊ, यात वहिनी किती आहेत, मी सांगू शकत नाही."

काशिरामने ती तिथेच ऐकली. एक बाई गात होती. गोड, गोल, सरळ आवाजात. कुठेही बसका नाही, कुठेही शीळ नाही. रस्त्यात भेटली असती तर त्याने तिला ओळख दिली नसती. "बरी हाय," तो म्हणाला आणि सीडी खिशात घातली.

लग्नात डीजेने हळदीच्या वेळी ती लावली. माणसाच्या उंचीएवढे स्पीकर, त्यांतून तो आवाज सगळ्या लॉनवर पसरला. अविनाशने अनाउन्समेंट केली की हा नवरीच्या आजीचा आवाज आहे. गोंगाट थांबला. मोबाइल वर झाले. प्रांजल हळदीने माखलेले हात तसेच धरून रडायला लागली. काशिराम खुर्चीत ताठ बसून होता. त्याची नजर रंभावर होती. रंभा, भामाच्या मागे उभी राहून वर्षानुवर्षं झील धरणारी, तिची ओळ उचलून गाणारी बाई, तो आवाज जिच्या कानाशी घुमलेला. ती तरी उठेल, ती तरी म्हणेल की ही आमची भामा नाही. म्हटलं असतं तर त्याची मान खाली गेली असती, पण भामाला ओळखणारं आणखी कुणी जगात आहे एवढं तरी कळलं असतं.

रंभा डोळे पुसत उठली, काठी टेकत त्याच्याजवळ आली आणि त्याचा हात धरून म्हणाली, "भामाच रं! अगदी भामाच. अशीच गायची."

काशिरामने मान हलवली.

पाठवणी झाली. पोर गेली. दुसऱ्या दिवशी प्रांजलचा फोन आला की सासरी सगळ्यांना आजीचा धवला फार आवडला, तिने तो सगळ्यांच्या मोबाइलवर टाकून दिलाय. आता तो करंजाला वाजतो, उलव्याला वाजतो, लग्नागणिक वाजतो, आणि त्याला घासण्याची काही भीती नाही. लोक काशिरामला रस्त्यात थांबवून सांगतात की काकींचा आवाज काय होता हो.

हे सगळं त्याने सोसलं असतं. रेकॉर्ड गेली तर गेली, आवाज आपल्या कानात आहे, मरेपर्यंत पुरेल, असा हिशेब त्याने करंजाहून परतताना एसटीत बसल्या बसल्या केला होता. पावसाळा सरता सरता एका दुपारी तो गॅलरीत डोळे मिटून बसला आणि त्याने भामाला आठवलं. धवला नको, धवल्याचं नावच नको. नुसतं घरातलं काहीतरी. 'जेवाला ये' म्हणून ती ओटीवरून हाक मारायची, तेवढीच. तो थांबला. हाक आली. गोड, गोल, सरळ आवाजात. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच बाई बोलली. संध्याकाळपर्यंत तो बसून होता. सुनेने तीनदा चहाला हाक मारली, आणि या वेळी त्याला ती खरोखरच ऐकू आली नाही.

त्याला आता भामाचा चेहरा आठवतो, हात आठवतात, दाताचा तुटका कोपरासुद्धा आठवतो. ती तोंड उघडते तेव्हा मात्र दुसरीच कुणी तरी बोलते.